बॅजवरचा आकडा आणि मूठभर कच्चे तांदूळ

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: तालुक्याच्या गावी एका खासगी रुग्णालयात नऊ वर्षं एक्स-रे टेक्निशियन असलेल्या ३४ वर्षांच्या वाचक भगिनीचं हे पत्र. सहा महिन्यांपासून विलक्षण थकवा, जिना चढताना धाप, केस गळणं. हिमोग्लोबिन ८.९ आलं. त्याच सुमारास सहकाऱ्याने मोबाइलवर एक लेख पाठवला: मोठ्या मात्रेपेक्षा अगदी कमी मात्रेचे किरण पेशींचं आवरण जास्त फोडतात, आणि तांबड्या पेशींना त्याचा धोका सर्वाधिक. आधाराला कॅनडातल्या एका शास्त्रज्ञाचा प्रयोग. अंगावर पडलेले किरण मोजणारा बॅज त्यांना कामावर लावावा लागतो. त्याचे गेल्या चार तिमाहींचे आकडे ०.१०, ०.०५, ०.०० आणि ०.१५ मिलिसिव्हर्ट (किरणांच्या मात्रेचं एकक) आहेत. त्या लिहितात, "आकडे कमी आहेत, म्हणूनच भीती वाटते. माझ्या पेशी रोज थोड्या थोड्या फुटत असणार." दरमहा बाराशे रुपयांच्या अँटिऑक्सिडंट कॅप्सूल आणि गव्हांकुराची पावडर सुरू आहे. नवरा म्हणतो, काहीतरी डोक्यात घेतलंस. सासूबाई म्हणतात, सोडून दे नोकरी. राजीनामा लिहून कपाटात ठेवला आहे. कामावरून आल्यावर अंघोळ केल्याशिवाय त्या सहा वर्षांच्या मुलीला जवळ घेत नाहीत. सोबत रिपोर्टचा फोटो.

प्रिय मैत्रिणी,

तुमच्या पत्रातली मुलीची ओळ मी आधी घेते, कारण तिच्यासाठी आणखी एक संध्याकाळही वाट पाहायला नको. एक्स-रे अंगाला चिकटत नाहीत. बटणावरचं बोट उचललं की नळीतून किरण येणं थांबतं, दिवा मालवल्यावर खोलीत उजेड उरत नाही तसं. कपड्यांवर, केसांत, हातावर काही उरत नाही. जिथे किरणोत्सर्गी औषधं द्रवरूपात हाताळतात त्या न्यूक्लिअर मेडिसिन विभागातली गोष्ट वेगळी, तिथे हात आणि कपडे तपासून बाहेर पडावंच लागतं. तुमच्या खोलीत तसं काही नाही. आज घरी गेल्यावर दारातच तिला उचलून घ्या. अंघोळ नंतर, घामासाठी.

आता तो लेख. तुमच्या नवऱ्याला वाटतं तसा तो निव्वळ थापांचा नाही, म्हणून त्याच्याशी नीट बोलायला हवं. अब्राम पेटकाउ हे कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतात व्हाइटशेलच्या अणुसंशोधन केंद्रात काम करत होते. त्यांनी गाईच्या मेंदूतून काढलेल्या स्निग्ध पदार्थांपासून पेशीच्या आवरणासारखा पातळ पापुद्रा बनवला आणि पाण्यात ठेवून त्यावर किरण सोडले. मिनिटाला २६ रॅड (मात्रेचं जुनं एकक, १ रॅड म्हणजे १० मिलिग्रे) अशा जोरदार एक्स-रेने तो फुटायला ३५०० रॅड लागले. मग त्यांनी त्या पाण्यात किरणोत्सर्गी सोडियमचं मीठ विरघळवलं. किरण अगदी संथ झाले, मिनिटाला एक हजारांश रॅड. आणि पापुद्रा अवघ्या ०.७ रॅडला फुटला. हे १९७२ साली प्रसिद्ध झालं आणि पुढे त्याला 'पेटकाउ परिणाम' म्हणू लागले.

कारणही समजण्यासारखं आहे. किरणांमुळे पाण्यात फ्री रॅडिकल नावाचे उपद्रवी कण तयार होतात. जोरदार मारा असला की त्यांची एवढी गर्दी होते की ते एकमेकांनाच धडकून संपतात. मारा संथ असला की त्यांना एकमेक सापडत नाहीत, आणि त्यातले जास्त कण आवरणापर्यंत पोहोचतात. तिथे एका स्निग्ध रेणूला धक्का लागला की तो शेजारच्याला बिघडवतो, तो पुढच्याला. तुपाला खवट वास येऊ लागतो तेव्हा हीच साखळी चालू असते.

इथवर लेख खरा. पण त्या पापुद्र्यात काय नव्हतं, हे त्यात लिहिलेलं नाही. त्यात एकही प्रथिन नव्हतं, जीवनसत्त्व नव्हतं, मोडतोड सावरणारं कुणी नव्हतं. तुमची तांबडी पेशी तशी उघडीवाघडी नाही. तिच्या आवरणाला आतून स्पेक्ट्रिन या प्रथिनाची जाळी शिवलेली असते, म्हणून साताठ मायक्रॉनची पेशी प्लीहेतल्या एखाद-दोन मायक्रॉनच्या फटीतून मुडपून पलीकडे जाते आणि पुन्हा गोल होते. आवरणातच 'ई' जीवनसत्त्व बसलेलं असतं, ते खवटपणाची साखळी तोडतं. आत कॅटलेज, ग्लुटाथायोन, पेरॉक्सिरेडॉक्सिन यांची फौज असते. आणि सुपरऑक्साइड डिसम्युटेज नावाचं एक विकर (एन्झाइम) असतं, ज्याचं उपद्रवी कण निकामी करण्याचं काम १९६९ साली प्रथम ओळखलं गेलं ते गाईच्या तांबड्या पेशींतून काढलेल्या विकरावरच. पेटकाउंनी स्वतः नंतर हे विकर आपल्या पापुद्र्याच्या पाण्यात घालून पाहिलं. पापुद्रा बराच वाचला. तुम्हाला ज्यांच्या नावाने भीती घातली गेली, त्यांच्याच कामाचा हा पुढचा भाग आहे.

ही फौज किरणांसाठी ठेवलेली नाही. ऑक्सिजन वाहण्याचं काम मुळात धोक्याचं. रोज हिमोग्लोबिनचा अर्धा ते तीन टक्के भाग ऑक्सिजन सोडताना आपोआप बिघडतो आणि प्रत्येक वेळी एक उपद्रवी कण सुटतो. एका पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू असतात. एक टक्का धरला तरी दिवसाला २७ लाख कण झाले. पेशी जगते सुमारे १२० दिवस, म्हणजे जन्मभरात ३२ कोटींच्या वर.

आता तुमच्या किरणांचा हिशोब मांडू. चार तिमाही मिळून ०.३० मिलिसिव्हर्ट. एक्स-रेच्या बाबतीत हा आकडा मिलिग्रेमध्येही (शरीरात उतरलेल्या किरणांच्या ऊर्जेचं एकक) तेवढाच धरता येतो. एका तांबड्या पेशीला पूर्ण १ मिलिग्रे मिळाला, तर तिच्या इवल्याशा वजनात जेवढी ऊर्जा उतरते त्यातून जेमतेम १५ तीव्र कण तयार होतात. तुम्हाला वर्षभरात त्याच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी मिळाला, आणि पेशी जगते वर्षाच्या तिसऱ्या हिश्शाएवढंच. म्हणजे एका पेशीच्या आख्ख्या आयुष्यात सरासरी एक-दोन कण. किरणांतून येणारे कण स्वभावाने जास्त तापट असतात हे मान्य केलं, तरी एकीकडे एक-दोन आणि दुसरीकडे ३२ कोटी.

तुम्ही म्हणाल, पण लेखाचा मुद्दा संथ, सततच्या किरणांचा आहे. तर तसे संथ किरण आपल्या प्रत्येकाच्या आत जन्मापासून चालू आहेत. पोटॅशियममध्ये थोडा भाग किरणोत्सर्गी असतो, आणि पोटॅशियम तांबड्या पेशीत ठासून भरलेलं असतं. मोठ्या माणसाच्या शरीरात दर सेकंदाला असे चारेक हजार अणू फुटतात. त्यांची वर्षाची मात्रा सुमारे ०.१७ मिलिसिव्हर्ट, म्हणजे तुमच्या बॅजच्या वर्षाच्या बेरजेच्या निम्म्याहून जास्त. ती मला मिळते, तुमच्या सासूबाईंना मिळते, तुमच्या मुलीलाही मिळते. केरळात करुनागप्पल्लीच्या किनाऱ्यावर वाळूत मोनाझाइट असल्यामुळे लोकांना वर्षाला सरासरी ४ मिलिग्रेच्या आसपास आणि काही जागी ७० पर्यंत नैसर्गिक किरण मिळतात, तेही संथ, रात्रंदिवस, पिढ्यान्‌पिढ्या. संथ किरणांनी रक्तपेशी फुटत असत्या तर त्या मच्छीमार वस्त्यांत घरोघरी कावीळ दिसली असती.

किरणांनी आवरणाला काहीच होत नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. रक्तपेढीत काही रुग्णांसाठी रक्ताची पिशवी मुद्दाम किरणांखाली धरतात, म्हणजे दात्याच्या पांढऱ्या पेशी रुग्णाच्या शरीरावर उलटत नाहीत. ती मात्रा २५ ग्रे (म्हणजे २५,००० मिलिग्रे) असते, तुमच्या वर्षभराच्या आकड्याच्या ऐंशी हजार पटींहून जास्त. नवी मुंबईत वाशीला असलेली 'ब्रिट' ही सरकारी संस्था त्यासाठीची यंत्रं बनवते. एवढ्या माऱ्यानंतर तांबड्या पेशींच्या आवरणातून पोटॅशियम नेहमीपेक्षा जास्त झिरपतं, म्हणून अशा पिशवीची मुदत कमी करतात आणि तान्ह्या बाळाला ती शक्य तितकी ताजी देतात. इजा होते ती अशी, मोजता येईल अशी. आणि तरीही त्या पेशी रुग्णाच्या अंगात जाऊन आपलं काम करतात.

मग तुमचं हिमोग्लोबिन ८.९ का? त्याचं उत्तर तुम्ही पाठवलेल्या फोटोतच आहे. तीसेक वर्षं मी रक्ताच्या काचा पाहण्यात घालवली, त्यामुळे लेखाआधी माझी नजर तिकडे गेली.

किरणांनी रक्ताला खरा धोका पोहोचतो तो अस्थिमज्जेला, जिथे दर सेकंदाला वीस लाखांहून जास्त तांबड्या पेशी तयार होतात. मारी क्युरी १९३४ साली गेल्या त्या मज्जा सुकल्यामुळे, पण त्यांच्या काळात किरणोत्सर्गी पदार्थ बिनसंरक्षण हाताळत. असं झालं तर आधी ढासळतात लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी, मग प्लेटलेट. तांबड्या पेशींचा आकडा सगळ्यात शेवटी उतरतो, कारण त्या चार महिने जगतात. तुमच्या पांढऱ्या पेशी ७,४००, त्यांतल्या लिम्फोसाइट ३१ टक्के, प्लेटलेट ४.६ लाख. मज्जा उत्तम चालली आहे.

पेशी फुटत असत्या तर बिलिरुबिन, म्हणजे फुटलेल्या पेशींतून तयार होणारं पिवळं द्रव्य, वाढलं असतं, डोळे पिवळसर दिसले असते, लघवी गडद झाली असती. तुमचं बिलिरुबिन ०.६ आहे. काचेवर गोळीसारख्या गोल, तुटक्या, चावा घेतल्यासारख्या पेशी दिसल्या असत्या. तुमच्या रिपोर्टवर त्याऐवजी एमसीव्ही (पेशीचा सरासरी आकार) ६८, म्हणजे कमी, आणि आरडीडब्ल्यू (आकारातला फरक) १९, म्हणजे जास्त, लिहिलंय. म्हणजे पेशी फुटलेल्या नाहीत, त्या लहान आणि फिकट जन्माला येताहेत, आणि आकाराने एकसारख्या नाहीत. कारखाना चालू आहे, कच्चा माल संपलाय. तो कच्चा माल म्हणजे बहुतेक करून लोह.

आणि पत्रात तुम्ही सहज लिहून गेलात अशा तीन गोष्टी. भात निवडता निवडता मूठभर कच्चे तांदूळ तोंडात टाकायची हल्ली सवय लागली आहे. पाळी 'पहिल्यापासूनच' सात-आठ दिवस जाते. आणि पित्ताची गोळी रोज सकाळी, दीड वर्षापासून. मला तुमचं पत्र तिथे खाली ठेवावंसं वाटलं. कच्चे तांदूळ, खडू, पाटीची पेन्सिल, बर्फ, भाजकी माती, हे खावंसं वाटणं ही अंगातलं लोह आटल्याची जुनी खूण आहे. आपल्याकडे ती डोहाळे म्हणून किंवा वाईट खोड म्हणून सोडून दिली जाते. जास्त दिवसांच्या पाळीत लोह जातं आणि पित्ताच्या गोळीने पोटातलं आम्ल कमी होऊन अन्नातलं लोह अंगी लागत नाही. नऊ वर्षं तुम्ही बॅजचा आकडा जपलात, आणि पाळीचे दिवस कुणी मोजले नाहीत, तुम्हीही नाही. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आहे, असं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आढळलं. त्यातल्या बहुतेक एक्स-रेच्या खोलीत कधी उभ्याही राहिल्या नसतील.

या आठवड्यात फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी, करून घ्या. कमी आलं तर प्रश्न मिटला. तुमच्या तांबड्या पेशींची संख्या ४२ लाख आहे, थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराच्या वाहकांत ती सहसा वाढलेली असते, त्यामुळे तो संशय कमी. तरी फेरिटिन चांगलं निघालं तर एचपीएलसी ही हिमोग्लोबिनचे प्रकार पाहणारी तपासणी करावी लागेल. तुमचं माहेर विदर्भाकडचं आहे असं लिहिलंय, म्हणून सिकलसेलची तपासणीही एकदा होऊ द्या. तिकडे ती शाळांतून आणि आरोग्य केंद्रांतून होते, तुमची राहून गेली असेल. लोहाची गोळी डॉक्टर ठरवतील तीच घ्या, पण चहाबरोबर नको आणि कॅल्शियमच्या गोळीबरोबर नको. लिंबाच्या पाण्याबरोबर घ्या. शौचाला काळं होईल, घाबरू नका. रोजची गोळी पोटाला सोसत नसेल तर एक दिवसाआड घेतली तरी चालेल का ते विचारा, तशी घेतल्यास लोह चांगलं शोषलं जातं. हिमोग्लोबिन १२ वर गेलं की बायका गोळ्या थांबवतात, तिथेच चूक होते. साठा भरायला त्यानंतर तीनेक महिने लागतात. पित्ताची गोळी अजून हवी आहे का, हेही विचारा. आणि स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा, सोनोग्राफी करा. गळती बंद न करता टाकी भरत राहण्यात अर्थ नाही.

बाराशे रुपयांच्या कॅप्सूल बंद करा. अपराधी वाटून घेऊ नका, भीतीपोटी आपण सगळेच काहीतरी विकत घेतो. पण त्यांचं लेबल वाचा. अशा बहुगुणी कॅप्सूलमध्ये पुष्कळदा कॅल्शियम आणि झिंक असतं, आणि दोन्ही लोहाच्या वाटेत येतात. त्या पैशांत फेरिटिन होईल.

आता बॅजबद्दल, आणि इथे मी तुम्हालाच एक प्रश्न विचारते. ती ०.०० ची तिमाही. त्या तीन महिन्यांत बॅज तुमच्या छातीवर होता की टेबलाच्या खणात? तुमच्यावर आरोप नाही. मी अनेक ठिकाणी बॅज खिळ्याला टांगलेले पाहिले आहेत, हरवला तर भरपाई द्यावी लागेल या धास्तीने. आकडा कमी आहे म्हणून निश्चिंत राहा, असं मी तेव्हाच म्हणू शकते जेव्हा तो आकडा तुमचा असतो. बॅज शिशाच्या एप्रनच्या आत, छातीपाशी लावायचा. सुट्टीच्या वेळी तो किरणांपासून दूर, नियंत्रण बॅजच्या (तुलनेसाठी किरणांपासून दूर ठेवलेल्या बॅजच्या) शेजारी ठेवायचा. एप्रन घडी घालून ठेवलं की आतलं शिसं चिरतं, म्हणून ते टांगायचं आणि वर्षातून एकदा त्याचाच एक्स-रे काढून चिरा पाहायच्या. रडणाऱ्या मुलाला तुम्ही धरायचं नाही, नातेवाइकाला एप्रन घालून धरायला सांगायचं. वॉर्डातल्या फिरत्या यंत्रावर बटणाची दोरी लांब सोडून निदान दोन मीटर मागे उभं राहायचं, अंतर दुप्पट झालं की किरण चौथ्या हिश्शावर येतात.

हे सगळं कशासाठी, पेशी फुटत नसतील तर? कारण कर्करोगाचा धोका वेगळा आहे आणि तो खरा आहे. फ्रान्स, ब्रिटन आणि अमेरिकेतल्या तीन लाखांहून जास्त अणुउद्योग कामगारांच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मात्रेबरोबर गाठींच्या कर्करोगांनी (रक्ताचे कर्करोग सोडून) होणारे मृत्यू वाढताना दिसले, एका ग्रेमागे सुमारे ५२ टक्के. तुम्ही नऊ वर्षं दरसाल ०.३० घेतले असतील तर बेरीज २.७ मिलिग्रे, म्हणजे त्या हिशोबाने वाढ सुमारे ०.१४ टक्का. फार लहान, पण शून्य नाही. म्हणून मर्यादा आहेत. आपल्याकडे अणुऊर्जा नियामक परिषदेने कामगारांसाठी पाच वर्षांची सरासरी दरसाल २० मिलिसिव्हर्ट आणि कुठल्याही एका वर्षात ३० ही मर्यादा ठरवली आहे. मर्यादेखाली असणं पुरेसं नाही, शक्य तितकं खाली असायला हवं.

कॅथलॅबमध्ये (अँजिओग्राफीच्या खोलीत) किंवा सी-आर्म या शस्त्रक्रियेतल्या एक्स-रे यंत्रापाशी उभ्या राहणाऱ्या परिचारिका आणि डॉक्टर हे वाचत असतील तर त्यांनी माझे वरचे आकडे स्वतःला लावू नयेत. तिथे मात्रा कितीतरी जास्त असते, डोळ्यांची आणि मानेच्या थायरॉइडची काळजी वेगळी घ्यावी लागते.

दुसऱ्या मुलाचा विचार चालू असल्याचं तुम्ही एका ओळीत लिहिलं आहे. दिवस राहिल्याचं कळताच रुग्णालयाला लेखी कळवा. त्यानंतर उरलेल्या महिन्यांत बाळाला मिळणारी मात्रा १ मिलिसिव्हर्टच्या आत ठेवणं मालकाची जबाबदारी असते आणि कामाची वाटणी त्यानुसार बदलावी लागते. पण ८.९ हिमोग्लोबिनवर गर्भारपण सुरू करू नका. तुमच्या बाबतीत बाळाला किरणांपेक्षा तो धोका कितीतरी मोठा आहे.

सासूबाईंना मी दोष देणार नाही, सून थकलेली दिसते म्हणून त्या बोलतात. त्यांना रिपोर्ट दाखवा आणि कच्च्या तांदळाची गोष्ट सांगा. बहुतेक त्यांनाही ती ओळखीची निघेल. नवऱ्याला एवढंच सांगा की डोक्यात काही घेतलेलं नव्हतं, थकवा खरा होता, फक्त त्याचं कारण दुसरीकडे होतं. गोळी सुरू झाल्यावर महिन्याभराने त्यानेच तुमच्याबरोबर येऊन सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, करून आणावी. लोहच कमी असेल आणि ते अंगी लागत असेल तर तेवढ्या दिवसांत हिमोग्लोबिन ग्रॅमभर तरी चढायला हवं. चढलं नाही तर पुन्हा डॉक्टरांकडे जा, आणि मलाही लिहा.

राजीनामा कपाटातच राहू द्या. फाडू नका, देऊही नका. तुम्हाला ते काम खरंच नको असेल, तुम्ही लिहिलंय त्याप्रमाणे गावात शिकवणी सुरू करायची असेल, तर जरूर सोडा. फक्त तो निर्णय जिना चढताना धाप लागेनाशी झाल्यावर घ्या.

तुमची,
सदरलेखिका